ज्याला सवाल विचारायचा तो

"पूर्ण नाव सांग."

मी सांगितलं.

"गाव?"

"चुडावा. आता पूर्णेत राहतो, रेल्वे क्वार्टरला."

"चुडाव्यात कुणीकडं घर?"

माझ्या हातात पावाचा ट्रे होता. समोर जेवायला आलेल्या फौजी लोकांची रांग. मागं केरळचा आचारी, दोन नेपाळी पोरं. मराठी कळणारे आम्ही दोघंच. मी ट्रेमधले पाव सारखे करायला लागलो. तो हसला.

"बौद्धवाड्यात म्हण की लेका. लाजायलास कामून?"

मग तो आचाऱ्याकडं वळून हिंदीत म्हणाला, "इसको रोटी पे किसने रखा?"

हे चुडाव्यात घडलं नाही. इराकमधल्या एका फौजी तळावर घडलं. बाहेरच्या देशाच्या फौजेनं तो मुलुख ताब्यात घेतला होता आणि त्या फौजेला जेवू घालायचं, तिचे कपडे धुवायचं, तिचे संडास साफ करायचं काम आमच्यासारख्यांना लावलं होतं. तो माणूस आमचा कॅम्प बॉस. म्हणजे कामगारांवरचा मुकादम. चुडाव्याच्या पलीकडल्या एका गावचा, मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे, इराकातसुद्धा.

त्या तळावर मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून मराठी ऐकलं तेव्हा मला लय आनंद झाला होता. आपल्याकडचा माणूस. त्या आनंदाची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात ब्रश आणि पाण्याचा पाइप दिला. प्लॅस्टिकचे उभे संडास, ओळीनं, गेटापासून मेसपर्यंत. मी म्हणालो, "भाऊसाहेब, मला मेसमधल्या कामाला घेतलंय."

"कामाला घेतलंय ना? मंग काम कर. तुला काय हे नवीन हाय का?"

माझा बाप रेल्वेत गँगमन होता. आजानं धर्मांतराच्या साली मेलेली ढोरं ओढायची सोडली ती सोडलीच. तेव्हापासून आमच्या घरात कुणी दुसऱ्याची घाण उचलली नव्हती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, बाबा वारले, शिक्षण सुटलं. परभणीच्या एजंटानं सांगितलं, कुवेत, हॉटेलातलं काम. कुवेतला उतरलो. पासपोर्ट काढून घेतले. पडदे लावलेल्या बसमध्ये बसवलं. पडदा उघडायचा नाही म्हणाले. बस थांबली तेव्हा चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती होत्या, माणसाच्या तिप्पट उंच. वर काटेरी तार. परत जायचं म्हटलं तर पासपोर्ट नाही. पळायचं म्हटलं तर बाहेर गोळीबार. रडायचं म्हटलं तर एका कंटेनरमध्ये आम्ही दाटीवाटीनं झोपायचो, रडणं सगळ्यांना ऐकू जायचं.

संडासांवर माझ्याबरोबर दोन इराकी माणसं होती. उमर आणि काझिम.

उमर आधी शाळेत मास्तर होता. शाळेवर बॉम्ब पडला, पगार बंद झाला. काझिम सुतार. दोघं एकाच गल्लीतले. काझिमची बायको म्हणजे उमरची धाकटी बहीण. सकाळी एकाच मोटारसायकलवर यायचे, काझिम चालवायचा, उमर मागं डबा धरून बसायचा. डबा एकच. दुपारी तिघं संडासांच्या मागच्या सावलीत बसायचो. पहिल्या दिवशी मी लांब बसलो, सवयीनं. काझिमनं माझा हात धरला आणि ओढून डब्यापाशी नेलं. घामेजलेला, फिनेलचा वास मारणारा हात. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं नाही.

बोलायचं कसं, ही आधी अडचण वाटली. माझी शाळेतली इंग्रजी, उमरची थोडी बरी. पण निजामाच्या राज्यातली भाषा आमच्या जिभेवर अजून आहे, ती कामाला आली. साबण त्याला साबून. खुर्ची त्याला कुर्सी. हक, जुलूम, खबर, जवाब. उमरला लय मजा वाटायची. मास्तरच तो. एकेक शब्द घोळवून घोळवून शिकवायचा.

उमर सुन्नी, काझिम शिया. हे मला त्यांनी नाही सांगितलं, भाऊसाहेबानं सांगितलं. "दोघं येगळे हायत. एक दिवस एकमेकाचा गळा कापतील, बघ तू."

मी उमरला विचारलं तेव्हा तो काझिमकडं बोट करून म्हणाला, "माझा गळा कापायला ह्याला माझ्या बहिणीची परवानगी लागेल." काझिम डबा सांडेस्तोवर हसला.

पण त्या दिवसांत बाहेर माणसं मरायला लागली होती. फौजेनं नवीन पोलीस उभे केले होते. भरती फौजेची, बंदुका फौजेच्या, गाड्या फौजेच्या. त्यांत एकाच गटाची, शियांची, पोरं भरली होती. ते गल्लीत शिरायचे, नावं विचारायचे, नावावरून माणसं उचलायचे. उलट दुसऱ्या गटाचे लोक बाजारात बॉम्ब ठेवायचे. उमर हे नाव शियांमध्ये सहसा ठेवत नाहीत. हे नाव गळ्यात बाळगणं म्हणजे मरण झालं होतं.

नावावरून माणूस ओळखणं म्हणजे काय, ते मला शिकवायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "नाव बदल. कार्ड दुसरं कर."

उमर बराच वेळ ब्रश घासत राहिला. मग म्हणाला, "बापानं ठेवलंय."

तेच पोलीस एक दिवस आमच्या तळाच्या बाहेरच्या गेटवर उभे केले. आतल्या बाजूला फौजेचा टॉवर, टॉवरवर फौजेचा शिपाई, त्याच्या खाली हे नवे पोलीस. बाहेरून येणाऱ्या कामगारांची कार्डं तेच बघायचे.

मी गेटाजवळचा संडास धूत होतो. दुपार टळली होती, कामगारांची सुट्टी झाली होती. काझिम मोटारसायकल ढकलत पुढं गेला, त्याचं कार्ड बघून सोडलं. उमरचं कार्ड एकानं हातात घेतलं, दुसऱ्याला दाखवलं. मग तिसरा आला. उमर काहीतरी समजावत होता, मास्तर पोरांना समजावतो तसं. एकानं त्याची मान खाली दाबली. हात मागं घेतले, प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधले. काझिम मोटारसायकल टाकून पळत आला. बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. तो खाली पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. उमरला पिकअपमध्ये टाकलं.

मी वर बघितलं. टॉवरवरचा शिपाई खाली बघत होता. सगळं त्याच्या पायाखाली चाललं होतं. मी पाइप टाकला आणि ओरडलो, "सर! सर! अवर मॅन!" त्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं मान दुसरीकडं वळवली, रस्त्याच्या दिशेनं. पिकअप निघून गेली. पाइपातून पाणी वाहतच होतं.

उमरचं प्रेत कालव्याच्या कडेला सापडलं. हात तसेच मागं बांधलेले. तसल्या पट्ट्या आमच्या स्टोअरमध्ये खोक्यानं होत्या. फौजेचा माल.

हे मला काझिमनं सांगितलं, मोडक्या शब्दांत, हाताच्या खुणांनी. मेव्हण्याला माती देऊन तो तळावर परत आला, तोंड सुजलेलं, दात पडलेला. कामाला नव्हता आला. फौजेच्या मोठ्या साहेबाला विचारायला आला होता. आतल्या चौकीसमोर उभा राहून एकच वाक्य बोलत होता, "मिनू मसऊल? मिनू मसऊल?"

मला आधी महसूल ऐकू आलं. मग उमरनंच शिकवलेलं आठवलं. सुआल म्हणजे सवाल. मसऊल म्हणजे ज्याला सवाल विचारायचा तो. आपण जबाबदार म्हणतो, म्हणजे ज्यानं जबाब द्यायचा तो. काझिम विचारत होता, जबाबदार कोण?

त्याला आत घेतलं. मला वाटलं, विचारपूस करतील, त्याचं ऐकतील. त्याला एका खोलीत कोंडलं. उमरच्या खुनातला संशयित म्हणून.

संध्याकाळी भाऊसाहेबानं मला त्याच्या ऑफिसात बोलावलं. एसी चालू होता. पहिल्यांदा त्यानं मला खुर्चीवर बसायला सांगितलं.

"उद्या साहेब तुला विचारतील. तू त्या दोघांसंगं काम करत होतास. दोघं धर्मावरून भांडत होते, एवढंच सांग."

"ते भांडत नव्हते, भाऊसाहेब."

"आरं, मला ठाव हाय. पण वरून विचारणा आलीय. गेटवरच्या पोलिसाचं नाव निघालं की फौजेचं निघतंय. फौजेचं निघालं की कंपनीचं काम जातंय. मंग तू बी घरी, मी बी घरी."

"काझिमचं काय होईल?"

"तुला काय करायचंय काझिमचं? तुझ्या जातीचा हाय का?"

त्यानं टेबलाच्या खणातून माझा पासपोर्ट काढला आणि माझ्यासमोर ठेवला. दोन बोटांनी, अगदी कडेला.

"उद्या नीट बोललास तर हा तुझा. आन परवापासनं मेसमधी. पाव वाटायचे. आपल्याकडचा माणूस म्हणून सांगायलाव."

"आन न्हाई बोललो तर?"

"मंग धू संडास. कोण नगं म्हणतंय?"

पासपोर्ट पुन्हा खणात गेला.

मी कंटेनरमध्ये पडून राहिलो. मला आईचं घर दिसत होतं, खरं सांगतो. तो खण दिसत होता. काझिम कोण माझा? नाव सोडून मला त्याचं काय माहीत होतं? भिंतीच्या आत माणूस असाच विचार करायला लागतो. भिंत त्यासाठीच असते.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर उभं केलं. साहेब तरुण होता, थकलेला, बोलायला सभ्य. त्यानं मला पाण्याची बाटली दिली. भाऊसाहेब दुभाषी. मी मराठीत सांगायचं, त्यानं इंग्रजीत सांगायचं.

मी सांगितलं, "उमरला गेटवरच्या पोलिसांनी नेलं. मी पाह्यलं. काझिम त्याला सोडवायला गेला, त्याला दस्त्यानं मारलं. टॉवरवरच्या शिपायानं बी पाह्यलं."

भाऊसाहेबानं मान हलवली आणि इंग्रजीत बोलायला लागला. मी ऐकत होतो. ब्रदर-इन-लॉ. फाइट. शिया, सुन्नी. ऑलवेज फाइट. साहेब लिहून घेत होता.

मी आयुष्यभर असंच लिहून घेताना पाहिलं होतं. आपण बोलायचं आणि दुसऱ्यानं आपल्या तोंडात त्याचं घालायचं. तहसीलला, दवाखान्यात, शाळेत. आपल्याला कळत नाही असं धरून चालतात. पण मला कळत होतं. शब्द न् शब्द कळत होता.

"नो सर," मी म्हणालो.

भाऊसाहेब दात आवळून म्हणाला, "गप बस."

"नो सर. ही लाय. नो फाइट. पोलीस टेक. युवर गेट. युवर गन. टॉवर सोल्जर सी. आय सी."

साहेबानं पेन थांबवलं. हळू आवाजात काहीतरी विचारलं. भाऊसाहेबानं लालबुंद तोंडानं मराठी केलं, "साहेब म्हणतेत, वर्दी कुणी बी घालतंय. ते पोलीसच होते कशावरून?"

"युवर गेट, सर," मी म्हणालो. माझ्याकडं दुसरी इंग्रजी नव्हती. "युवर गेट."

साहेबानं पेनाला टोपण लावलं. खिडकीकडं बघून तो जे बोलला ते भाऊसाहेबानं जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण ते सांगताना त्याला काही बदलायची गरज नव्हती. "हे लोक शेकडो वर्षांपासनं एकमेकाला कापत आलेत. त्येला आमी काय करणार?"

मी हे वाक्य आधी ऐकलं होतं.

मी सहावीत असताना माझ्या मामाला त्याच्या गावात मारलं. जयंतीची कमान रस्त्यावर लावली म्हणून. कमान लावायला परवानगी होती, बंदोबस्ताला पोलिसांची गाडी होती. गाडी शाळेसमोरच्या लिंबाखाली उभी होती. मामाला पाटलाच्या वाड्यापासून शाळेपर्यंत मारत आणलं. गाडी लिंबाखालीच. मामा मेल्यावर गावात पोलिसांचा तळ पडला, शाळेत. झडत्या आमच्याच घरांच्या झाल्या. आई फौजदाराकडं गेली, मी तिचा पदर धरून होतो. फौजदार चहा पीत होता. तो आईला म्हणाला, "बाई, हे तुमच्या गावातलं आपसातलं हाय. लय जुनं. पोलीस काय करणार?"

आई तेव्हा काही बोलली नाही. घरी येऊन चूल न पेटवता बसून राहिली. मला वर्षानुवर्षं वाटायचं, खरंच असेल, जुनं असेल. जुनं म्हणजे आभाळासारखं, त्याला कोण काय करणार.

त्या एसीच्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की हे वाक्य कुणाचं असतं. ज्याच्या हातात गेट असतं त्याचं.

मारणारे इराकीच होते, मी ते झाकत नाही. मामाला मारणारे गावचेच होते, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांना कुठल्या साहेबानं जन्माला घातलं नव्हतं. त्यांचा गुन्हा त्यांचा. पण बंदूक कुणी दिली? कुणाला दिली, कुणाला दिली नाही? गेटवर कुणाला उभं केलं? आणि मान कुणी वळवली? हे सवाल विचारले की म्हणतात, तू मारणाऱ्याची बाजू घ्यायलास. मी कुणाची बाजू घेत नाही. मी अख्खी रांग मोजायला सांगतो. शेवटच्या माणसावर बोट ठेवून मोजणी थांबवू नका.

मी साक्ष फिरवली नाही. काझिमवर काही लावता आलं नाही. त्याला सोडलं.

सोडलं म्हणजे काय, ते ऐका. त्याचं कामाचं कार्ड रद्द केलं. कार्ड नाही म्हणून तळावर राहता येत नाही. बाहेर जायचा रस्ता एकच, तेच गेट, तेच पोलीस, ज्यांच्याविरुद्ध तो बोलला होता. त्यानं चौकीवाल्याचे पाय धरले. मला काही दिवस आत ठेवा म्हणाला, कोंडून ठेवा म्हणाला. जो माणूस काल कोंडल्यावर ओरडत होता तो आज कोंडा म्हणून हात जोडत होता. नियम नाही म्हणाले.

मी लांब उभा होतो, माझ्या दोन्ही बाजूंना कंपनीचे रखवालदार. काझिमनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला. त्यानं केला की नाही ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते. तो गेटमधून बाहेर गेला. त्याला कुणी अडवलं नाही, निदान मला दिसेपर्यंत. पुढं काय झालं, मला माहीत नाही. विचारायला पत्ता नाही, आडनाव नाही. त्याची बायको, उमरची बहीण, तिचं नावही मला माहीत नाही.

मला एका रिकाम्या कंटेनरमध्ये ठेवलं. मग एक दिवस पासपोर्ट तोंडावर फेकला आणि विमानात बसवलं. भाऊसाहेब निरोप द्यायला आला होता. "आपल्याकडच्या माणसानंच पाय वढला," म्हणाला. "हे तुमच्या रक्तातच हाय."

पूर्णेला उतरलो तेव्हा आई स्टेशनवर होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी फौजदाराला तवाच बोलाया पाह्यजे होतं." मी म्हणालो, "आई, तू एकटी होतीस." ती म्हणाली, "तू तरी कुठं जथ्यानं होतास?"

आता मी पूर्णेत कुलर-मोटारी दुरुस्त करतो. लग्न झालं, मुलगी कॉलेजात जाते. इराकचं कुणाला सांगत नव्हतो. लोक विचारायचे, तिकडं ते लोक एकमेकाला मारतेत म्हणं? मी म्हणायचो, तिकडं लय ऊन असतंय.

मागच्या साली आमच्याकडं दोन समाजांत दगडफेक झाली. एक मुलगा गेला, चौकात, भर बंदोबस्तात. शांतता समितीची बैठक बोलावली. आमच्या वस्तीतर्फे मला नेलं. वर टेबलाशी अधिकारी, आणि त्यांच्या शेजारी भाऊसाहेब. केस पांढरे, खादीचा शर्ट. तालुक्याचे पुढारी आता. त्यांनी मला ओळखलं. भाषणात म्हणाले, "मी परदेशात हे बघितलंय. धर्मावरून माणसं कशी एकमेकाला कापतेत. तिथं फौज नसती तर कुणीच वाचलं नसतं. म्हणून म्हणतो, प्रशासनाला सहकार्य करा." टाळ्या झाल्या. मग अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं, दोन समाजांतल्या जुन्या गैरसमजातून घडलेली दुर्दैवी घटना. सगळ्यांनी सह्या करायच्या.

मी उभा राहिलो. "साहेब, चौकात बंदोबस्त कुणाचा होता?"

"हा विषय वेगळा आहे."

"मंग तो विषय कवा?"

भाऊसाहेब वरून म्हणाले, "बस रे खाली. ही तुझी जुनी सवय हाय."

"व्हय," मी म्हणालो. "आन तुमची बी."

मी सही केली नाही. शेजारच्या मुस्लिम मोहल्ल्यातून आलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं माझ्याकडं बघितलं, पेन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि मग पुन्हा उचलून सही केली. मी त्याला दोष देत नाही. त्याला त्या चौकातूनच घरी जायचं होतं.

आता मला बैठकीला बोलावत नाहीत. दुकानावर पोलीस येऊन जातात, सहज म्हणून. मुलगी म्हणते, बाबा, जपून. मी जपूनच असतो. हे गाव सोडून मी कुठं जाणार, आणि कशासाठी?

पण एक सांगून ठेवतो. माणूस मेला की मला आधी त्याची जात सांगू नका, धर्म सांगू नका, शेकडो वर्षांचं जुनं वैर सांगू नका. त्या दिवशी, त्या जागी, बंदूक कुणाच्या हुकमात होती त्याचं नाव सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी विचारीन. बैठकीत नाही तर कोर्टात, कोर्टात नाही तर रस्त्यावर. मला खाली बसवायला आता तुमच्याकडं माझा पासपोर्ट नाही.